उंबरठ्यावरचं बोट

गोडादरा, सुरत
१६ जानेवारी

रंजनाताई,

पाकीट उलटंपालटं करत बसू नका. मीच आहे, तुमची भावजय हर्षदा. मायच्या दहाव्यानंतर तुम्ही माझा नंबर ब्लॉक केलात, त्यामुळे फोन लागत नाही. पोस्टमनला ब्लॉक करायची सोय अजून निघालेली नाही, म्हणून हा कागद. आवडला नाही तर चुलीत घाला, पण वाचून मग घाला.

तुमचे भाऊ फोनवर तुम्हाला 'नाना बरे आहेत' एवढंच सांगतात. नाना बरे नाहीत. डिसेंबरात त्यांना झटका येऊन गेला. हातपाय वाचले. चालतात, बोलतात, पावरलूमवर कोणत्या साली कोण मुकादम होता हेसुद्धा बिनचूक सांगतात. फक्त माय गेली एवढी एकच गोष्ट त्यांच्या डोक्यातून निसटली आहे. "पुष्पा कोठे गयी?" असं विचारतात. खरं सांगितलं की आत्ताच कळल्यासारखे ओक्साबोक्शी रडतात, आणि चहा होईपर्यंत पुन्हा विचारतात. आता आम्ही सांगणं सोडलं आहे.

त्यात साखर. उजव्या पायाची करंगळी काढावी लागली आणि जखम भरत नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, साखर उतरली नाही तर पुढच्या वेळी घोट्यापासून काढावा लागेल. "औषध मी लिहून दिलंय, पण पाय वाचला तर तुमच्या स्वयंपाकघरातच वाचेल." त्यांनी हे माझ्याकडे बघून सांगितलं, तुमच्या भावाकडे बघून नाही. पाय सासऱ्यांचा, आणि परीक्षा माझी.

मी काय काय केलं ते ऐका. दुधी उकडला, तेल काढून घेतलं, मीठ कमी केलं. नानांनी ताट सरकवून दिलं. परवा उत्तरायणाला सगळे पतंगांसाठी गच्चीवर असताना ते पट्टी बांधलेल्या पायानं नाक्यावर गेले आणि उंधियू-जिलबी खाऊन आले. संध्याकाळी साखर मोजली तर यंत्रानंच हात टेकले.

आता जे बोलायचं ते बोलून घेते. दहाव्याच्या दिवशी भर पाहुण्यांत तुम्ही माझं कपाट उघडलंत. मसाल्याची पाकिटं, नूडल्स, तयार पीठ, सगळं काढून ओट्यावर मांडलंत आणि म्हणालात, "मनी मायना आधी तिना सयपाक मारी टाका तुम्ही." मायच्या आधी तिचा स्वयंपाक मी मारला म्हणे. मग मायचा पाटा-वरवंटा गोणपाटात बांधून अमळनेरला घेऊन गेलात. घरात सुतक होतं म्हणून मी गप्प बसले. आता सुतक फिटलंय.

ताई, तुमचे भाऊ तिकडे सचिन गावातल्या डाइंग मिलमध्ये बारा तासांची पाळी करतात, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. पोरांत सुमित एम्ब्रॉयडरी मशीनवर आहे. अनुजाची शाळा आणि वर क्लास. माझ्यासमोर साड्यांचा ढीग असतो, धागा कटिंगचा. सुटे धागे कापून गठ्ठा संध्याकाळी परत द्यायचा असतो. जो तो वेगळ्या वेळी जेवतो. माय आजारी पडली तेव्हा तीच म्हणाली होती, "पाकीट फोड नि मोकळी व्हय." या घरातलं पहिलं पाकीट मायनं फोडलं. खोटं वाटत असेल तर वाटू द्या.

माझं काम एवढंच आहे. नाना सारखे कळण्याची भाकर मागतात. मी ज्वारीत काळे उडीद घालून गिरणीतून दळून आणले. एक घास घेतला आणि म्हणाले, "हाई तिनी नही." माय कळण्यात आणखी काय घालायची? मला तिनं कधी सांगितलं नाही आणि मीही कधी विचारलं नाही. आता तुमच्याशिवाय ते कुणाला ठाऊक नाही. माझ्याशी बोलू नका, पण तेवढं कळवा.

हर्षदा


गोडादरा
९ फेब्रुवारी

रंजनाताई,

ट्रॅव्हल्सच्या बसमधून आलेली पिशवी मिळाली. आत चिठ्ठी नव्हती. मी पीठ चाळून बघितलं, म्हटलं ताई रागानं का होईना दोन शब्द लिहितील. नुसतंच पीठ. नाकाशी धरलं तेव्हा कळलं, मेथ्या. भाजून घातलेल्या मेथ्या. एवढ्याशा गोष्टीसाठी मी महिनाभर उडीद बदलत होते.

आता पुढचं ऐका, आणि हे तुमच्या भावाला विचारू नका, कारण ते सांगणार नाहीत.

त्या दिवशी मी पोळपाट-लाटणं काढलंच नाही. ज्वारीची भाकर मी एरवी प्लास्टिकच्या कागदावर लाटून घेते, वेळ वाचतो. पण हे पीठ लाटवेना. म्हणून परात घेतली आणि थापायला बसले. चार-सहा थापा पडल्या असतील, बाहेरच्या खोलीतून खाटेचा आवाज आला आणि नाना म्हणाले, "पुष्पा, उनी का तू?"

माझा हात परातीतच राहिला. दुपारची वेळ होती, खिडकीतून चांगलं ऊन येत होतं, शेजारच्या लूमचा खडखडाट चालू होता. घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. तरी मी मागे वळून बघितलं, खरंच कोणी आलं आहे का म्हणून.

मी म्हटलं, "हो."

एवढंच म्हटलं. त्यांनी अख्खी भाकर भरताबरोबर खाल्ली. बिनतेलाचं भरीत, मीठ बेताचं, आणि तक्रार नाही. दुसरी मागितली. ताट चाटूनपुसून ठेवलं. मी पडद्याआड उभी होते आणि मला इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली. इतक्या वर्षांत माझ्या हातचं त्यांनी असं कधी खाल्लं नव्हतं. अर्थात तेव्हाही ते माझ्या हातचं नव्हतंच.

जेवून झाल्यावर त्यांनी विचारलं, "सून कोठे शे?" मी आतूनच सांगितलं, "बाजारमा गयी."

आता घरातलं सगळंच बदललं आहे. नानांसाठी वेगळं आणि बाकीच्यांसाठी वेगळं असं दोनदा रांधायला मला दहा हात नाहीत. म्हणून सगळ्यांनाच तेच. डाळ घरात भाजून, मसाला घरात कांडून, दही घरात लावून. तुमच्या भावाला मिलच्या गेटवर खमण आणि समोसे खायची सवय होती आणि उशाशी पित्ताच्या गोळ्या. आता डब्यात मेथीची भाजी आणि भाकर. गोळ्यांचं पाकीट संपलं ते त्यांनी परत आणलेलं नाही. सुमित तोंड वाकडं करतो पण डबा रिकामा आणतो. अनुजा रोज झाकण उघडून म्हणते, "मम्मी, फरी भाकरी?" ती आता घरातही गुजरातीच बोलते. मी म्हणते, हो, पुन्हा भाकरी, उद्यापण फरी.

साड्यांचा गठ्ठा मात्र अर्धाच होतो. होऊ दे. पीठ संपत आलंय.

हर्षदा


गोडादरा
२० मार्च

रंजनाताई,

ज्वारीत उडीद आणि मेथ्या घालून मी आता घरचंच दळण करते, पीठ पाठवू नका. पाटा-वरवंटा पोचला. नाक्यावरून रिक्षात घालून आणताना रिक्षावाला म्हणाला, "भाभी, पथ्थर लेकर कहाँ जा रहे हो?" मी म्हटलं, सासू घरी परत नेतेय. तो हसला. मी नाही हसले.

आधी चांगली बातमी. साखर उतरली. जखमेच्या कडा कोरड्या पडल्या. डॉक्टरीणबाईंनी पाय उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, काय देता खायला? मी सगळं सांगितलं. कळण्याची भाकर, अख्ख्या मुगाची आमटी, मेथी, शेवग्याच्या शेंगा, जेवण झालं की अंगणात दोन फेऱ्या. कोणाच्या हातचं देते ते सांगितलं नाही.

मिक्सर आता बंद असतो. तो लावला की नाना दचकतात आणि "कोन शे घरमा?" असं ओरडतात. पाट्यावर वाटलं की शांत असतात. लाटण्याचा आवाज चालत नाही, थापलेला चालतो. अंगावर गाऊन चालत नाही. एकदा धुणं वाळलं नव्हतं म्हणून मायची ती निळी सुती साडी नेसले, तर त्या दिवशी त्यांनी स्वतःहून गोळी मागून घेतली. मग मी तीच नेसायला लागले. शेजारच्या उषाबाई म्हणाल्या, "मेलेल्या बाईचं लुगडं अंगाला लावू नये गं, ते सोडत नाही." मी म्हटलं, माझा गठ्ठा पूर्ण करून देणार असाल तर सोडते. त्यांचं म्हणणं मी हसण्यावारी नेलं. तुम्हाला खरं सांगते, ती साडी सोडताना मला हल्ली थंडी वाजते, मार्चमध्ये, सुरतमध्ये.

नाना पुष्पाशी खूप बोलतात. मला माहीत नव्हतं ते इतकं बोलतात. मी वाटत बसले की खाट स्वयंपाकघराच्या दाराशी ओढून घेतात. चलथाणला ऊसतोडीला आले होते तेव्हाचं सांगतात, मायला चुलीसाठी विटा चोरून आणल्या ते सांगतात. मी हुंकार देते. मला नुसता हुंकार द्यायचा असतो, आणि ताई, कुणी आपल्याशी एवढ्या मायेनं बोलत असलं की माणूस खोटा हुंकारसुद्धा मनापासून देतं.

एकदा ते सुनेबद्दल बोलले. माझा वरवंटा थांबला. म्हटलं आता ऐकून घ्यावं लागणार. ते म्हणाले, "पोर चांगली शे. पन तिले जेवतांना मी कधी देखं नही."

मी वाटायला लागले. ते पुन्हा म्हणाले, "दिसत नही आते. कोठे ऱ्हास?" मी सांगितलं, माहेरी गेली आहे, धरणगावला. बाजारातून माहेरी. मला वाटलं तेवढं पुरेल.

तुमच्या भावाला मी म्हटलं, हे असं किती दिवस चालवायचं? ते मोजे काढत होते. म्हणाले, "खातात ना? मग राहू दे." पाळीवरून आलेल्या माणसाशी मी वाद घालत नाही. पण मला कोणाशी तरी बोलायचं आहे, आणि तुम्ही उत्तर देत नाही हे एका अर्थी सोयीचंच आहे.

हल्ली मी मीठ मोजत नाही. मूठ आपोआप तेवढीच भरते आणि ते बरोबर होतं. बाहेरच्या खोलीत जाण्याआधी मी खाकरते. माय खाकरायची ना तसं. मी ठरवून करत नाही. परवा खाकरले आणि अनुजाच्या हातून पाण्याचा पेला पडला. ती कितीतरी दिवसांनी मराठीत म्हणाली, "मम्मी, असं नको करू."

आणि काल तुमचे भाऊ जिन्यावरून हाका मारत होते, हर्षदा, हर्षदा. मी ऐकत होते. माझ्या मनात आलं, कोणाला बोलावतायत, ती तर माहेरी गेली आहे. मग एकदम भान आलं आणि मी धावत गेले.

हे मी कोणाला सांगितलेलं नाही.

हर्षदा


गोडादरा
१८ एप्रिल

रंजनाताई,

आखाजी जवळ आली, कॅलेंडरवरची अक्षय्य तृतीया. कुंभारवाड्यातून घागर आणली आहे. मायची ही पहिली आखाजी, तिची घागर भरायला हवी, त्याशिवाय तिला पाणी कसं मिळणार? आणि भरायची कशी? दरवर्षी नाना उंबरठ्यावर बसतात आणि एकेका पितराचं नाव मोठ्यानं घेऊन कुंकवाचं एकेक बोट ओढतात. या वर्षी त्यात मायचं नाव घ्यावं लागेल. तेही नानांच्या देखत, आणि मी तिची साडी नेसून मागे उभी.

त्यांना कळलं तर ते जेवण टाकतील. मला तुमच्याइतकं नाही पण थोडं कळतं नानांचं. ते दुसऱ्यांदा नाही सावरणार. पायाची जखम नुकती भरतेय.

तुमच्या भावाचं म्हणणं, ते उठायच्या आत आपण गुपचूप बोट ओढू आणि घागर मागच्या बाजूला ठेवू. म्हणजे मायनं चोरून पाणी प्यायचं. चाळीस वर्षं तिनं या घराला वाढलं, आणि तिची घागर मोरीत.

ताई, तुम्ही या. आखाजीला लेक माहेरी येतेच, कोणी काही म्हणणार नाही. नाना तुम्हाला ओळखतात. तुमचं नाव निघालं की त्यांचा चेहरा उजळतो. तुम्ही आलात, दारातून मला माझ्या नावानं हाक मारलीत, मायसाठी माझ्या गळ्यात पडून रडलात, तर कदाचित त्यांना कळेल आणि तरी ते कोसळणार नाहीत. लेक समोर असली की बाप सांभाळून घेतो. माझ्यानं ते होणार नाही. मी सांगायला गेले तर मायच मायचं मरण सांगतेय असं होईल.

यायचंच नसेल तर निदान तिकडे तिच्या नावानं घागर भरा.

एक बरं झालंय. नानांनी सून कुठे आहे हे विचारणं सोडून दिलंय. आठवडाभर एकदाही नाव काढलं नाही. उलट परवा मी कांदा चिरताना डोळे पुसत होते, तर त्यांनी येऊन डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "रडू नको, पुष्पा." मला हायसं वाटलं. म्हटलं, सुटले बाई त्या प्रश्नातून.

वाट बघते.

हर्षदा


गोडादरा
२ मे

रंजनाताई,

तुम्ही आला नाहीत. आखाजी झाली. काय झालं ते जसंच्या तसं लिहिते.

आम्ही पहाटे उठलो तर नाना आमच्या आधी उठलेले. अंघोळ करून, टोपी घालून उंबरठ्याशी पाटावर बसले होते. वाटीत कुंकू कालवून तयार. घागर त्यांनीच मोरीतून आणून पाण्यानं भरली होती, वर खरबूज, सांजोऱ्या, आंबे, सगळं मांडलेलं. तुमचे भाऊ माझ्याकडे बघायला लागले. मी काय करणार?

नानांनी बोटं ओढायला सुरुवात केली. आजोबांचं नाव घेतलं. वडिलांचं, आईचं, मग धाकटे भाऊ रघुनाथ यांचं. नेहमीसारखं सावकाश, मोठ्यानं. मग थांबले. बोट पुन्हा कुंकवात बुडवलं आणि तसंच धरून राहिले. तुमच्या भावानं माझं कोपर इतकं घट्ट धरलं की दुखलं. मला वाटलं, त्यांना आठवलं. माय आठवली. आता कोसळतील.

नाना म्हणाले, "हर्षदा."

आणि बोट ओढलं.

अनुजा म्हणायला लागली, "दादाजी, मम्मी तो..." आणि तिच्या बापानं तिला डोळ्यांनी गप्प केलं. नानांनी आमच्याकडे वळून बघितलं. रागावलेले नव्हते, आम्ही लपवलं म्हणून उलट आमचीच समजूत घालत होते. म्हणाले, "माले माहीत शे. तुम्ही मना पासून दपाडं. बाजारमा गयी, माहेरले गयी. इतला महिना कोनी माहेरले ऱ्हास का? माले वाईट वाटी म्हनीसन सांगं नही तुम्ही." मग घागरीवर हात ठेवला. "हाई सूननी."

ताई, मी दाराच्या आत उभी होते आणि बाहेर उंबरठ्यावर माझं नाव ओलं होतं.

मी सांगू शकले असते. एक पाऊल पुढे टाकून म्हणायचं, नाना, ही काय मी. मग मी हर्षदा झाले असते आणि माय त्याच क्षणी मेली असती. दोघींपैकी एकीलाच त्या घरात उभं राहायला जागा होती. मी मायला राहू दिलं.

मग गोवरी पेटवली. निखाऱ्यावर पितराच्या नावानं तूप आणि घास टाकायचा, त्या आगारीसाठी नानांनी पान मागितलं. आणि विचारलं, "तिले काय आवडे?" पितराच्या पानात त्याच्या आवडीचं एक काहीतरी हवंच, माहीत आहे तुम्हाला. त्यांनी आधी माझ्या नवऱ्याला विचारलं. ते निखारे सारखे करत म्हणाले, "पुरणपोळी." पुरणपोळी त्यांना आवडते. मला गोड चालत नाही. अनुजा हळूच म्हणाली, "मम्मीने तो वधेलुं ज भावतुं."

मम्मीला उरलेलंच आवडायचं. पोरीनं खोटं नाही सांगितलं. तिनं मला उरलेलंच खाताना बघितलंय.

नाना माझ्याकडे वळले. "पुष्पा, तुले तरी माहीत व्हई."

मला माझंच आठवावं लागलं. खरंच आठवेना. मग धरणगावचं स्वयंपाकघर आठवलं, मी परकर-पोलक्यातली, आई चुलीसमोर, आणि तव्यावरून उतरलेली भाकर हातात घेऊन तोंडानं फुंकत मी पळत सुटलेय. मी म्हटलं, "पहिली भाकर. तव्यावरनी. संगे ठेचा."

नाना म्हणाले, मग तीच करा. आणि पितराच्या पाटावर सवाष्ण बसवायला हवी, तर पुष्पा, तिना नावनं तूच बस.

मी कशी बसणार, रांधणार कोण? तेव्हा तुमचे भाऊ उठले. लग्नाआधी लिंबायतच्या खोलीत मिलमधले चौघं मिळून राहायचे तेव्हा ते भाकरी करायचे म्हणे. मला कधी सांगितलं नव्हतं. त्यांनी परात घेतली, कळण्याचं पीठ मळलं, थापलं. भाकर जाडी झाली, एका कडेला फाटली, पण फुगली. सुमितनं ठेचा वाटला. अनुजानं पाणी ठेवलं. नानांनी भाकर मोडली, एक तुकडा तुपाबरोबर निखाऱ्यावर टाकला, चर्र आवाज झाला, आणि उरलेली माझ्या पानात ठेवली.

पितर जेवून उठेपर्यंत घरात कोणी घास घेत नाही. सगळे उभे होते. माझं घर उभं राहून माझ्याकडे बघत होतं आणि मी बसून गरम भाकर खात होते. वाफ निघत होती. मला वाटलं होतं घास उतरणार नाही. उतरला. दुसरी आणली, तीही खाल्ली. मला एवढी भूक असेल हे मला माहीत नव्हतं आणि मला त्याची फार लाज वाटली.

हात धुऊन पितरानं मागे न बघता उंबरठा ओलांडायचा असतो. मी ओलांडला. उषाबाईंच्या ओट्याशी उन्हात जाऊन उभी राहिले. आतून आवाज येत होता. नाना विचारत होते, "जेवनी का पोटभर?" आणि तुमचे भाऊ म्हणाले, "जेवनी." त्यांचा आवाज फुटला होता. मी इतक्या वर्षांत तो तसा ऐकला नव्हता.

थोड्या वेळानं नानांनी हाक मारली. "पुष्पा, ये आते. सयपाक पडेल शे."

मी परत आत गेले आणि स्वयंपाकाला लागले.

तेव्हापासून नानांनी नियम केला आहे. रोजची पहिली भाकर सुनेच्या नावानं बाजूला निघते. घरात तिला कोणी हात लावत नाही, सुमितसुद्धा नाही. सगळ्यांची जेवणं झाली की ती तशीच असते, गार. मग मी खाते. फरक एवढाच की आधी शेवटची गार भाकर खात होते, आता पहिली गार भाकर खाते.

सुट्टीच्या दिवशी तुमचे भाऊ भाकरी करायला बसतात. मला कुठे बघायचं ते त्यांना कळत नाही, मलाही नाही. नानांचा पाय आता बरा आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही पाय वाचवलात. मी मागे वळून बघितलं, त्या कोणाला म्हणतायत ते.

मायची घागर राहिली. तुम्ही तिकडे भरली असेल तर कळवा, म्हणजे माझ्या जिवाला शांतता. नसेल भरली तर माझ्यावर राग धरा, माझ्या नावाची घागर मात्र भरून झाली आहे.

उंबरठ्यावरची बाकीची बोटं पुसट झाली. शेवटचं अजून ताजं दिसतं. मी दोनदा ओलं फडकं घेऊन गेले आणि दोनदा परत आले. रोज त्यावरून पाय टाकून आत येते.

ताई, तुम्ही माझ्यावर रागावलेल्याच राहा, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. फक्त एकदा या. नाना झोपलेले असताना या, आणि दारात उभ्या राहून मला माझ्या नावानं हाक मारा. मोठ्यानं मारा, दहाव्याच्या दिवशी ओरडला होतात तशी. मी ओ देते का, ते मला बघायचं आहे.

हर्षदा